कुलूप हवेच, पण किल्ली कोणाच्या कपाटात?

नागपुरात २०२४ पासून स्मार्ट मीटरवर जेवढी चर्चा झाली, तेवढी घरातल्या दुसऱ्या कुठल्याही उपकरणावर झालेली मला आठवत नाही. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, चौकाचौकांत वाद झाले. मीटर जोरात पळते का, त्याचा खर्च शेवटी कोणाच्या बिलातून निघणार, प्रीपेड झाल्यावर पैसे संपताच वीज तुटणार का, हे सगळे प्रश्न रास्त होते. मात्र मीटरच्या आत जो प्रोग्राम चालतो तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि बदलायला आलेला खरोखरच अधिकारी आहे की कोणी तिऱ्हाईत, हे मीटर कसे ओळखते, हा प्रश्न मी एकाही सभेत ऐकला नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे. या मीटरमध्ये दूरवरून वीज तोडण्याची आणि जोडण्याची सोय असते, आणि बहुतेकांत दूरवरून प्रोग्राम बदलण्याचीही असते. ज्याच्या हाती तो प्रोग्राम बदलण्याची सत्ता आहे त्याच्या हाती शहराचा मेन स्विच आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

हिंगणा औद्योगिक वसाहतीत मी बारा वर्षे लहान प्रोसेसरसाठी फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच राहणारे प्रोग्राम, लिहीत आलो आहे आणि त्यातला मोठा काळ बूटलोडरवर, म्हणजे उपकरण चालू होताना मुख्य प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, गेला आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की सार्वजनिक पैशातून बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणात सुरक्षित बूट, म्हणजे खरी सही नसलेला प्रोग्राम चालूच न देणारी सोय, सक्तीचे असावे, आणि त्याच वेळी प्रोग्रामवर सही करणारी खासगी किल्ली उत्पादकाच्या एकट्याच्या ताब्यात कधीही राहू नये. या दोन मागण्या जोडीनेच करायला हव्यात. पहिली मान्य करून दुसरी सोडून दिली तर आपण आपल्याच पैशाने आपल्याच मालमत्तेवर दुसऱ्याचे कुलूप लावून घेतो.

सुरक्षित बूट म्हणजे काय हे समजायला कळमन्याच्या बाजारात जावे. तिथल्या काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का आणि शिशाचे सील असते. काटा कोणी उघडला तर सील तुटते आणि निरीक्षकाला ते दिसते. काटा लोखंडाचा होता तोवर ही व्यवस्था पुरेशी होती, कारण फसवणूक करायला काहीतरी तोडावे, घासावे किंवा चिकटवावे लागत असे. आता माप लोखंडात नसून प्रोग्राममध्ये आहे, आणि सील जागेवर असतानाही प्रोग्राम बदलता येतो. २०१७ मध्ये लखनौतल्या पेट्रोल पंपांवर छापे पडले तेव्हा रिमोटवर चालणाऱ्या चिपा सापडल्या, आणि त्यानंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर मापातले असेच फेरफार उघडकीस आणले. बाहेरून जोडलेल्या चिपेला सुरक्षित बूट रोखू शकत नाही, हे इथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यासाठी शिशाचे सील आणि निरीक्षकाचे डोळेच लागतात. परंतु आतला प्रोग्राम बदलला गेला आहे का, हे डोळ्यांनी पाहता येत नाही. ते उपकरणाने स्वतःच, प्रत्येक वेळी वीज आल्यावर, तपासायला हवे.

ती तपासणी अशी होते. वीज मिळताच प्रोसेसर सर्वांत आधी स्वतःच्या पोटातला, कारखान्यातच कोरलेला छोटा प्रोग्राम चालवतो. त्याला बूट रॉम म्हणतात आणि तो नंतर कोणालाही बदलता येत नाही. हा बूट रॉम फ्लॅशमधून, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरीतून, पुढचा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, वाचतो. बूटलोडरसोबत एक जाहीर किल्ली आणि एक सही ठेवलेली असते. सही म्हणजे खासगी किल्लीने, म्हणजे एका गुप्त संख्येने, केलेली गणिती खूण; जोडीच्या जाहीर किल्लीने ती फक्त तपासता येते, करता येत नाही. बूट रॉम आधी त्या जाहीर किल्लीचा गणिती ठसा काढतो आणि चिपेतल्या फ्यूजमध्ये जाळून ठेवलेल्या ठशाशी ताडून पाहतो. हा ठसा बहुधा २५६ बिटांचा, म्हणजे अवघ्या ३२ बाइटांचा असतो. फ्यूज एकदा जळला की पुन्हा जुळत नाही, म्हणून हा ठसा चिपेच्या आयुष्यभरासाठी कायम होतो. ठसा जुळला तर त्या किल्लीने बूटलोडरवरची सही तपासली जाते, सही खरी ठरली तरच बूटलोडर चालतो, आणि मग तोच बूटलोडर याच रीतीने मुख्य प्रोग्रामची सही तपासतो. सही करायला लागणारी खासगी किल्ली उपकरणात कुठेच नसते. त्यामुळे मीटर भिंतीवरून काढून, उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली धरले तरी त्यातून सही करण्याची ताकद चोरता येत नाही.

ही साखळी नसली तर काय होते याची दोन उदाहरणे २०१५ या एकाच वर्षातली आहेत. अमेरिकेत दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दूरवरून घेऊन दाखवला. गाडीच्या अंतर्गत तारांवर संदेश पाठवणाऱ्या चिपेत त्यांना स्वतःचा बदललेला प्रोग्राम भरता आला, कारण ती चिप सही मागतच नव्हती. कंपनीला १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला युक्रेनमध्ये वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोर ब्रेकर पाडून थांबले नाहीत. उपकेंद्रांना नियंत्रण कक्षाशी जोडणाऱ्या लहान उपकरणांमध्ये त्यांनी खराब फर्मवेअर चढवले आणि उपकरणांनी ते मुकाट स्वीकारले. ब्रेकर दूरवरून पुन्हा लावण्याचा मार्गच त्यामुळे बंद झाला आणि कर्मचाऱ्यांना गाड्या काढून उपकेंद्रांवर जावे लागले. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या सावलीत राहणाऱ्या आपल्या शहराने ही घटना परदेशातली बातमी म्हणून सोडून देऊ नये.

म्हणून कुलूप हवेच. पण ते बनवणे निविदेतल्या एका ओळीइतके सोपे नाही, आणि निविदा लिहिणाऱ्यांनी यातल्या खाचाखोचा थोड्या तरी जाणून घ्याव्यात असे मला मनापासून वाटते. ‘उपकरणात सुरक्षित बूट असावे’ एवढेच लिहिले तर पुरवठादार ‘आहे’ असे उत्तर देतो, आणि ते शब्दशः खरेही असते. मात्र बाहेरच्या फ्लॅश चिपेवरच सही तपासून प्रोग्राम पुन्हा तिथूनच चालवला, तर तपासणी आणि चालवणे यांच्या मधल्या क्षणात कोणी चिपेतला मजकूर बदलू शकतो. प्रोग्राम आधी आतल्या मेमरीत आणून तिथे तपासावा लागतो. प्रोसेसरचा विद्युतदाब नेमक्या क्षणी किंचित खाली पाडला तर सही ताडणारी सूचनाच निसटू शकते. ईएसपी३२ या आपल्याकडे विद्यार्थ्यांपासून कारखान्यांपर्यंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिपेचे सुरक्षित बूट २०१९ मध्ये एका संशोधकाने अशाच झटक्याने चुकवून दाखवले होते. म्हणून निर्णायक तुलना दोनदा आणि वेगवेगळ्या प्रकारे करावी लागते, मध्ये अनिश्चित लांबीची विश्रांती घालावी लागते, आणि ‘बरोबर’ हे उत्तर नुसत्या एका बिटावर टांगून ठेवता येत नाही. शिवाय चाचणीच्या वेळी चिपेच्या आत शिरण्यासाठी ठेवलेले डीबगचे पोर्ट उघडे राहिले तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

सर्वांत नाजूक भाग मात्र जुन्या आवृत्त्यांचा असतो. समजा आज सही करून दिलेल्या प्रोग्राममध्ये सहा महिन्यांनी एक दोष सापडला आणि सुधारित आवृत्ती दिली गेली. जुन्या, दोषी आवृत्तीवरची सही तर अजूनही खरीच आहे. हल्लेखोर तीच जुनी आवृत्ती पुन्हा चढवेल आणि बूटलोडर तिला आत घेईल. हे टाळण्यासाठी उपकरणात फक्त पुढे जाणारा, कधीच मागे न येणारा एक आकडा ठेवतात, आणि त्याहून कमी क्रमांकाची आवृत्ती नाकारली जाते. तत्त्व सोपे आहे. तो आकडा नेमका कधी पुढे ढकलायचा, यात मात्र सगळी गोम आहे, आणि ती मी कोणत्याही पुस्तकात शिकलो नाही, काटोल तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत शिकलो.

एप्रिलचे ऊन होते. आंबिया बहाराची फळे सुपारीएवढी झाली होती आणि त्या अवस्थेत पाण्यात खंड पडला की ती गळतात. ओळखीतून एका शेतकऱ्याचा फोन आला: “भाऊ, पंप काई सुरू होऊन नाई राहिला. लाइट लागते अन् विझते, लागते अन् विझते.” सौर पंपाचा नियंत्रक होता, दूरवरून देखरेख होणारा. मी चार स्क्रू काढून झाकण उघडले, बोर्डवरच्या तीन पिनांना केबल लावली आणि लॅपटॉपवर पाहिले. बूटलोडर सुरू व्हायचा, मुख्य प्रोग्रामची सही तपासायचा, ती चुकीची असल्याचे सांगायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. आदल्या आठवड्यात दूरवरून नवी आवृत्ती आली होती आणि ती अर्धवट उतरली असताना मोबाइलची रेंज गेली होती. फ्लॅश लहान घेऊन पैसे वाचवलेले होते, त्यामुळे जुन्या प्रतीसाठी दुसरी जागाच ठेवलेली नव्हती. शेजारच्या गावात तसाच नियंत्रक चालू होता आणि त्यात जुनी आवृत्ती होती. त्याच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपेला चिमटा लावून मी तिची प्रत काढली आणि या बोर्डात भरली. बूटलोडरने सही मान्य केली, पण आवृत्ती जुनी म्हणून नाकारली. नवी आवृत्ती नीट उतरून चालल्याची खात्री होण्याआधीच तो आकडा पुढे ढकलला गेला होता.

कुलपाने त्याचे काम चोख केले होते. अर्धवट प्रोग्राम चालवला नाही, हे योग्यच. जुना नाकारला, हेही नियमाला धरून. आता हवी होती ती फक्त नव्या आवृत्तीची एक सही केलेली फाइल. पण नियंत्रक बनवणाऱ्यांनी तो धंदाच बंद केला होता. फोन लागत नव्हता, विक्रेता वरच्यांकडे बोट दाखवत होता, आणि खासगी किल्ली कोणाच्या कुठल्या संगणकात होती की पुसली गेली होती, हे सांगणारा एकही माणूस मिळाला नाही. त्या शेतकऱ्याने पदरचे पैसे घालून दुसरा नियंत्रक आणेपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत झाडाखाली पडलेली फळे मी पाहिली आहेत, आणि म्हणूनच किल्लीच्या ताब्याचा मुद्दा मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

यावर उत्पादकांचे एक उत्तर ठरलेले असते: किल्ली आमच्याकडेच सुरक्षित आहे, सरकारी कचेरीत गेली तर ती चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवली जाईल. या भीतीत तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण उत्पादकांच्या हाती किल्ल्या सुरक्षित असतात हे तरी कुठे सिद्ध झाले आहे? २०२४ च्या जुलैमध्ये बायनार्ली या फर्मवेअर-सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की संगणकांच्या शेकडो मॉडेलांमध्ये सुरक्षित बूटच्या मुळाशी जी किल्ली होती ती मुळात चाचणीपुरती होती. तिच्या नावातच ‘भरवसा ठेवू नका’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते, तरीही नामांकित कंपन्यांनी ती तशीच विकलेल्या यंत्रांत ठेवली, आणि तिची खासगी बाजू अवघ्या चार अक्षरांच्या पासवर्डमागे इंटरनेटवर पडलेली होती. २०२३ मध्ये एमएसआय या संगणक बनवणाऱ्या कंपनीवर झालेल्या हल्ल्यानंतर फर्मवेअरवर सही करण्याच्या किल्ल्याच बाहेर फुटल्या. म्हणजे निष्काळजीपणा हा काही फक्त सरकारी कचेरीचा गुण नाही.

दुसरा धोका निष्काळजीपणाचा नसून हेतूचा आहे. पोलंडमध्ये काही रेल्वेगाड्या देखभालीसाठी त्रयस्थ कार्यशाळेत गेल्यावर सुरू होईनात. कार्यशाळेने बोलावलेल्या संशोधकांनी २०२३ मध्ये जाहीर केले की गाडीच्या फर्मवेअरमध्ये अशा अटी आढळल्या, ज्यांमुळे गाडी ठरावीक ठिकाणी ठरावीक काळ उभी राहिली की बंद पडावी. उत्पादक कंपनीने हा आरोप फेटाळला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्यात खरे कोण हे ठरवणे माझे काम नाही. मला त्यातून दिसते ते इतकेच की संशोधकांना तो प्रोग्राम वाचता आला म्हणून वादाला निदान पुरावा तरी मिळाला. तिथे प्रोग्राम वाचण्यावरही पक्के कुलूप असते आणि किल्ली फक्त उत्पादकाकडे असती, तर गाडी विकत घेणाऱ्याला आपल्या गाडीत काय चालले आहे हे विचारण्याचीही सोय उरली नसती. नागपूर मेट्रोचे डबे परदेशी कंपनीने बनवलेले आहेत आणि ते अनेक दशके धावायचे आहेत; हा विचार आपणही आताच करायला हवा.

मग किल्ली ठेवायची कशी? याचे उत्तर आपल्या प्रशासनाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. जिल्हा कोषागारातली मौल्यवान कोठडी दुहेरी कुलपाची असते. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. बँकेच्या लॉकरलाही एक किल्ली आपली आणि एक बँकेची लागते. गणिती किल्लीसाठी हीच व्यवस्था यंत्रात करता येते. खासगी किल्ली एका बंदिस्त उपकरणात जन्माला येते आणि त्यातून कधीच बाहेर पडत नाही; सही करायची तर ठरलेल्या अधिकाऱ्यांपैकी किमान दोघांनी आपापली कार्डे घालावी लागतात, आणि प्रत्येक सहीची नोंद राहते. उत्पादकाने प्रोग्राम लिहावा, त्रयस्थ प्रयोगशाळेने तो तपासावा, आणि अंतिम सही महावितरण किंवा महानगरपालिका यांच्यासारख्या मालक संस्थेने करावी. यात उत्पादकाचे काम जात नाही आणि त्याची जबाबदारीही संपत नाही. एकट्याने, कोणाला न सांगता लाखो घरांतला प्रोग्राम बदलण्याची मुभा तेवढी जाते. ती मुभा मुळात असावीच का, याचे पटणारे कारण मला आजवर कोणी दिलेले नाही.

यात एक अडचण खरी आहे. तातडीची सुधारणा द्यायची असेल आणि दोन अधिकाऱ्यांपैकी एक रजेवर असेल तर उपकरणे त्या काळात उघडी राहतील. म्हणून दोनांपैकी दोन न ठेवता पाचांपैकी कोणतेही दोन किंवा तीन अशी रचना ठेवावी लागते. किल्ली फुटली किंवा हरवली तर ती रद्द करून दुसरी वापरता यावी, याचीही तरतूद पहिल्याच दिवशी लागते. एनएक्सपी कंपनीच्या आय.एमएक्स ६ चिपांमध्ये फ्यूजात एका किल्लीचा नव्हे, तर चार किल्ल्यांच्या तक्त्याचा ठसा जाळतात आणि त्यातल्या तीन गरज पडल्यास रद्द करता येतात. अशी सोय नसलेली चिप दहा वर्षे भिंतीवर राहणाऱ्या मीटरसाठी घेऊच नये. क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या सह्यांचे अमेरिकी मानक ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, म्हणजे आज जाळलेली सहीची पद्धत उपकरणाच्या आयुष्यात जुनी पडण्याची शक्यताही धरूनच चालले पाहिजे.

वैयक्तिक वस्तूंचा प्रश्न मी जाणूनबुजून वेगळा ठेवतो. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनमध्ये किंवा राउटरमध्ये स्वतःचा प्रोग्राम घालण्याचा हक्क माणसाला असावा, या मताचा मी आहे. सीताबर्डी बाजारातल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत दुरुस्ती करणाऱ्यांची पोटे त्या हक्कावर चालतात आणि माझ्यासारख्या अनेकांचे पहिले शिक्षणही तिथल्याच काउंटरवर झाले. सार्वजनिक मीटरचे तसे नाही. त्यात प्रत्येकाने आपापला प्रोग्राम घालणे म्हणजे प्रत्येक दुकानदाराने आपापले किलो ठरवण्यासारखे आहे. मालक तिथेही असावा, पण तो समाज असावा आणि त्याच्या वतीने उत्तरदायी संस्था असावी.

ही संस्था सक्षम व्हायची तर माणसे लागतील, आणि ती नागपुरात तयार होऊ शकतात. शहरात व्हीएनआयटी आहे, २०१६ पासून ट्रिपल आयटी आहे, डझनावारी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथून मुलाखतीला येणारी मुले मायक्रोकंट्रोलरवर एलईडी लुकलुकवून दाखवतात, सेन्सरचे आकडे मोबाइलवर आणतात, आणि वीज आल्यापासून त्यांच्या कोडची पहिली ओळ चालेपर्यंत काय घडते असे विचारले की गप्प होतात. दोष त्यांचा नाही. अभ्यासक्रम तिथे पोहोचतच नाही. एमसीयूबूट आणि यू-बूट हे खुले बूटलोडर फुकट उपलब्ध आहेत, काहीशे रुपयांच्या बोर्डवर चालतात, आणि आयआयटी मद्रासचा शक्ती किंवा सी-डॅकचा वेगा हे देशात रचलेले प्रोसेसरही अभ्यासाला आहेत. एका सत्रात मुलांनी स्वतःची किल्ली तयार करावी, स्वतःच्या बोर्डवर फ्यूज जाळावा आणि मग मुद्दाम ती किल्ली पुसून टाकावी. पुढे काय होते ते हातात मेलेला बोर्ड घेऊन समजले की आयुष्यभर विसरत नाही.

जी मीटर आधीच भिंतींवर लागली आहेत त्यांचे फ्यूज जळून गेले असतील, तर ते आता बदलता येणार नाहीत. पण त्यामागची किल्ली कोणाकडे आहे आणि ती हस्तांतरित करता येईल का, हे विचारता येते. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे आणि त्यात किल्ली मागितलेली नाही. सहीची खासगी किल्ली कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहे, ती वापरायला किती जणांची संमती लागते, आणि पुरवठादाराचे कंत्राट संपल्यावर किंवा त्याची कंपनी बंद पडल्यावर ती कोणाकडे जाईल, एवढेच तीन प्रश्न आहेत. व्यापारी गुपिताचे कारण देऊन उत्तर नाकारले जाईल असे काही मित्र म्हणतात. ते कारण टिकणारे नाही, कारण चांगल्या कुलपाची रचना सगळ्या जगाला ठाऊक असली तरी ते पक्के राहिले पाहिजे आणि गुप्त असावी ती फक्त किल्ली, हे तत्त्व गुप्तलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले आणि आजची सगळी सहीची गणिते त्याच पायावर उभी आहेत. नकार आलाच तर मी अपील करणार आहे.